देताना बघायचं होतं

अण्णांनी कधी दुसऱ्यांदा भात मागितला नाही. पानात पडेल तेवढा जेवायचा, ताट स्वतःच उचलायचं, घासायचं आणि पालथं घालून ठेवायचं. "अजून थोडा वाढू?" असं विचारलं की ते ताटावर आडवा हात धरत. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मला वाटलं, माझ्या हातचं आवडत नाही. सासूबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, माझ्याकडेही कधी मागितलं नाही त्यांनी. मी आधीच जास्त वाढते. तूही तसंच कर." मग मीही तसंच करत आले.

अण्णा माझे सासरे. कोकणातल्या एका लहान बंदरावर त्यांची कारकुनाची नोकरी होती. वादळाची सूचना आली की खांबावर बावटा चढवायचा, होड्यांची नोंद करायची, बाकी वेळ समुद्राकडे बघत बसायचं. या नोकरीने त्यांना कमी बोलायची सवय लावली, असं सगळे म्हणत. सासूबाई गेल्यावर सुधीरने त्यांना व्हिजिट व्हिसावर कुवेतला आणलं. आम्ही तेव्हा खैतानमध्ये राहत होतो. सुधीर रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, मी जवळच्याच एका क्लिनिकच्या लॅबमध्ये. अण्णा सकाळी गॅलरीत उभे राहून आभाळ बघत आणि आत येऊन सांगत, "दुपारी धूळ उठणार. खिडक्या लावून जा." त्यांचा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरे. शुक्रवारी सुधीर त्यांना शर्कच्या मासळी बाजारात नेई. तिथल्या झुबैदीला ते हात लावून बघत आणि म्हणत, "पापलेटच आहे. नाव बदललं म्हणून मासा बदलत नाही."

आम्हाला मूल नव्हतं. नव्वद सालच्या युद्धात कुवेत सोडलं ते आम्ही कॅनडात गेलो, तिथला पासपोर्ट मिळेपर्यंत राहिलो आणि मनासारखं काम मिळेना म्हणून परत आलो. तोवर माझी चाळिशी आली होती. मुंबईतले उपचार, देवधर्म, सगळं करून झालं होतं. मूल दत्तक देणाऱ्या भारतातल्या एक-दोन संस्थांनी आमची वयं बघून नकार दिला. टोरांटोच्या एका मैत्रिणीने चीनमधून मुलगी आणली होती. तिच्यामुळे आम्ही त्या वाटेला लागलो. पुष्कळ दिवस गेले, आणि अखेर तिथून कळलं की आमचा नंबर जवळ आला आहे. तेव्हा कुठे आम्ही अण्णांना सांगितलं. जेवायला बसलो होतो.

"आणू नका," अण्णा म्हणाले.

"का पण?" सुधीरने विचारलं.

"पोर आहे ते. नका आणू."

एवढंच बोलून त्यांनी ताट उचललं. मला संताप आला. चिनी नाक, चिनी डोळे, कुणाचं रक्त, कुठली जात, हेच त्यांच्या मनात असणार, असं मी धरून चालले. शेजारच्या देवधर काकूंनी तर तोंडावर विचारलं होतं, "आपल्यात उठून दिसेल हो ती, कसं करणार?" अण्णाही त्यातलेच, असं मला वाटलं. पुढे कित्येक दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. त्यांनी ते निमूट सोसलं. खुलासा केला नाही.

मग मुलीचा फोटो आला. वर्षाची असेल. जाडजूड कपड्यांत कोंबलेली, कॅमेऱ्याकडे बघणारी, हसू नाही की रडू नाही. अण्णांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, आणि मला परत दिला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, "मी येतो तुमच्याबरोबर."

"अण्णा, तिथे कडाक्याची थंडी आहे. तुम्ही कशाला?"

"पोर देतात कसं ते बघायचंय मला."

हे काय बोलणं, असं मला वाटलं. पण त्यांना खैतानच्या फ्लॅटमध्ये एकटं ठेवणंही शक्य नव्हतं. सुधीरच्या कंपनीत कागदपत्रं बघणारा मंदूब होता. त्याने खटपट करून अण्णांच्या परतीच्या व्हिसाची सोय केली, आणि आम्ही तिघे निघालो.

दोन विमानं बदलून नानचांगला पोचलो तेव्हा हाडं गोठत होती. हॉटेलात खोली गरम करायची सोय असून नसल्यासारखी. लोक घरात, दुकानात, कचेरीत, सगळीकडे कोट घालूनच बसलेले. आमची दुभाषी लिन नावाची तरुण मुलगी होती. तिला इंग्रजी येत होतं. अण्णा मराठीत बोलत, मी लिनला सांगे, ती पुढे चिनीत सांगे. पहिल्याच दिवशी अण्णांना तिथली एक गोष्ट मनापासून आवडली. प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचे थर्मास ठेवलेले, आणि लहानथोर सगळे नुसतं गरम पाणी पीत होते. "शहाणी माणसं आहेत," अण्णा म्हणाले. बाहेर फूटपाथवर एका म्हातारीने त्यांना अडवलं, त्यांच्या उघड्या गळ्याकडे बोट दाखवून रागाने काहीतरी बोलली आणि स्वतःच त्यांच्या मफलरला गाठ मारली. लिन ओशाळली. "आमच्याकडे म्हाताऱ्या बायका कुणालाही रागावतात." अण्णा म्हणाले, "आमच्याकडेही."

मुलगी द्यायची जागा म्हणजे एक सरकारी कचेरी. मोठा दिवाणखाना, भिंतीला लागून सोफे, झाकणाच्या कपांत चहा आणि त्यावर तरंगणारी पानं. आणखी काही परदेशी कुटुंबं आली होती. कुणी कॅमेरे काढत होतं, कुणी आधीच रडत होतं. आमचं नाव पुकारलं. आतून अनाथाश्रमातली, मुलीला सांभाळणारी बाई आली, चाळीस-पंचेचाळिशीची. थंडीने तिच्या हाताची बोटं सुजून लाल झाली होती. तिने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं, तिची टोपी नीट केली आणि पाठ फिरवून चालू लागली.

मुलगी लाकडासारखी ताठ होती. मी जवळ घेतलं तर आली, सैल सोडलं तर तशीच राहिली. रडली नाही. अधिकारी हसून म्हणाला, "फार शहाणी मुलगी आहे. कधी त्रास देत नाही." बाकीची कुटुंबंही कौतुकाने बघत होती. मी सुधीरकडे बघून हसले. इतक्या वर्षांनी माझ्या मांडीवर मूल होतं.

अण्णा मात्र मुलीकडे बघत नव्हते. ते त्या बाईच्या पाठीकडे बघत होते. ती दारापर्यंत पोचली तसे ते एकदम उठले. "तिला थांबवा! लिन, तिला बोलवा!"

लिन घाबरली. मी म्हणाले, "अण्णा, काय झालं?"

"तिला सांगा, पोरीला एकदा नीट घे. तिच्याशी बोल. सांग तिला की मी आता जाते, परत येणार नाही."

अधिकाऱ्याने मान हलवली. तसं करत नाहीत, मूल रडतं. लिनने ते सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "रडू दे की."

मी आयुष्यात त्यांचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. ती बाई दाराशी उभी होती, तिला काही कळत नव्हतं. लिनने दबकत तिला सांगितलं. बाईने अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. मग ती परत आली. अण्णांनी आपली जागा तिला दिली. तिने माझ्या मांडीवरून मुलीला उचललं, छातीशी धरलं आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली. हळूहळू त्या बाईचे डोळे भरून आले. मग मुलीचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. आधी कोरडा, घोगरा आवाज निघाला, रडायची सवयच नसल्यासारखा. मग ती किंचाळून रडली. त्या बाईच्या कोटाला तिने अशा मुठी आवळल्या की तिला सोडवताना दोघातिघांना हात लावावा लागला.

मला तो प्रकार क्रूर वाटला. टॅक्सीत ती माझ्या कुशीत हुंदके देत होती आणि मी अण्णांना म्हणाले, "कशाला केलंत हे? शांत होती ना ती!"

"शांत नव्हती. घाबरली होती." ते खिडकीबाहेर बघत होते. "न सांगता माणूस गेलं ना, की पोर जन्मभर दाराकडे बघत बसतं."

त्यानंतर मुलीने माझ्या हातून काही घेतलं नाही. बाटली पुढे केली की मान फिरवी. मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या न्याहारीला अण्णांनी एका मोठ्या भांड्याचं झाकण उघडलं आणि तिथेच थबकले. "माधुरी, ही तर पेज!" आत खरोखर तांदळाची पेज होती, घट्टसर, वाफाळलेली, आपल्याकडे कोकणात सकाळी करतात तशी. शेजारी खारवलेल्या भाज्यांच्या वाट्या. अण्णांनी वाटीत पेज घेतली, चमच्याने ढवळून निववली आणि मुलीच्या ओठाला लावली. तिने खाल्ली. वाटी संपली. अण्णांनी चमचा खाली ठेवला आणि थांबले. तिच्याकडे बघत राहिले. मुलगी वाटीकडे बघत होती, मग अण्णांकडे. अण्णा हलले नाहीत. शेवटी तिने हात पुढे करून वाटीवर आपटला.

"मागते आहे," अण्णा म्हणाले. "बघितलंस? मागते आहे ती."

कागद पुरे व्हायला आम्हाला तिथे थांबावं लागलं. त्या दिवसांत अण्णा मुलीला घेऊन बागेत बसत. तिथे म्हातारे पिंजऱ्यातले पक्षी घेऊन येत, झाडाला पिंजरे टांगून गप्पा मारत. लहान मुलांच्या चड्ड्या मागून उघड्या शिवलेल्या असत, हे बघून अण्णा म्हणाले, "थंडी नसती तर किती सोयीचं." म्हाताऱ्या बायका येऊन मुलीचे पाय चाचपून बघत आणि अजून एक मोजा घाला असं खुणेने सांगत. अण्णा घालत. भाषेवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. मी आणि सुधीर मात्र त्या दिवसांत कुणाच्यातरी घरी आल्यासारखे वावरत होतो. मुलगी आमची, पण ती बघायची अण्णांकडे.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णा लिनला म्हणाले, "ही सापडली कुठे ती जागा दाखवाल?"

सुधीर वैतागला. "अण्णा, त्याची काय गरज आहे? उगाच मनाला त्रास." पण लिन म्हणाली, काही लोक बघतात, ती जागा लांब नाही.

ती जागा म्हणजे भाजी बाजाराचं फाटक. चिखल, कोबीची पानं, जिवंत माशांच्या परड्या, टांगलेली बदकं. फाटकाच्या आत दगडी पायरी होती. "इथे," लिन म्हणाली. "पहाटे भाजीवाल्यांना टोपलीत दिसली. तेव्हा काही आठवड्यांची होती." आमच्याभोवती गर्दी जमली. लिनने त्यांना काहीतरी सांगितलं तशी कुणी अंगठा वर करून शाबासकी दिली, एका विक्रेत्या बाईने मुलीची टोपी कानावर ओढली.

अण्णांनी माझ्या हातून मुलीला घेतलं. पायरीवर चढले. तिला दोन्ही हातांनी धरून तिचं तोंड गर्दीकडे केलं आणि हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे वळत राहिले. लोक गोंधळून बघत होते.

"अण्णा, काय करताय? चला, गारठा आहे," सुधीर म्हणाला.

"थांब. तिला बघू दे."

"कुणाला?"

"हिच्या आईला."

"अहो, त्या बाईला कसं कळणार आपण आज येणार म्हणून?"

"कळायला कशाला हवं? ती बाजाराला येतच असेल. बाजारात यायला कोण अडवतं?" ते गर्दीतला एकेक चेहरा बघत होते. "माझी यायची."

सुधीर माझ्याकडे बघायला लागला. अण्णा दत्तक गेले होते एवढं त्याला माहीत होतं, जमिनीच्या कागदांवरून. मला तेही माहीत नव्हतं. त्या घरात ते कुणी कधी बोललं नव्हतं.

त्या दुपारी हॉटेलच्या खोलीत, मुलगी त्यांच्या मांडीवर झोपलेली असताना, अण्णांनी सगळं सांगितलं. त्यांचा जन्म खाडीपलीकडच्या गावातला. वडिलांच्या चुलतभावाला जमीन होती, वारस नव्हता. अण्णा चार वर्षांचे. त्यांना नवे कपडे घातले, होम झाला, लाडू झाले. संध्याकाळी होडीत बसवलं. त्यांना आठवत होतं की होडीत ते कुणाच्यातरी मांडीवर झोपले, आणि जाग आली तेव्हा परकं घर होतं. "आई कुठे आहे?" विचारलं तर कुणी म्हणालं, "परसात गेलीय, येईल." पुढे कित्येक दिवस ते परसाच्या दाराशी बसून राहत. त्यांचं नाव सदाशिव होतं, ते गोविंद झालं. दोन घरांचं येणंजाणं बंद ठेवलं होतं, पोराचं मन तिकडे ओढू नये म्हणून. नव्या घरात खायला-प्यायला भरपूर होतं. पण दुसऱ्यांदा काही मागितलं की घरातली आजी म्हणायची, "पोटासाठीच आलंय हे."

"मग एकदा बाजारात ती दिसली," अण्णा म्हणाले. "सात-आठ वर्षांचा असेन. सुक्या मासळीच्या ओळीत उभी होती. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, गालावर तीळ. नुसती बघायची. पुढच्या बाजाराला परत. एकदा जवळ आली आणि हातात खाजं ठेवून गेली. बोलली नाही. बोलायची बंदी असणार तिला. काही वर्षं यायची. मग यायची बंद झाली. तेव्हा मी समजलो की गेली."

सुधीरने विचारलं, "अण्णा, तुम्ही आम्हाला हे कधीच का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? सगळ्यांनी माझं भलंच केलं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता आणलंच आहे पोर, तर दोन गोष्टी करा. नाव बदलू नका. आणि तिला काही खोटं सांगू नका."

तिचं नाव आम्ही मेई ठेवलं. म्हणजे होतं तेच.

कुवेतला आल्यावर मेई अण्णांची सावली झाली. त्यांचं बोट धरून चालायला शिकली. शर्कच्या बाजारात त्यांच्या खांद्यावरून मासे बघायची. तिचा पहिला शब्द "अन्ना." मला ती काहीच म्हणत नव्हती. मी जेवण द्यायची, आंघोळ घालायची, तापात उशाशी बसायची, आणि ती माझ्या खांद्यावरून त्यांना शोधायची. मी दारामागे तोंड दाबून रडले आहे, हे सुधीरलाही माहीत नाही. अण्णांना माहीत होतं.

एके दिवशी स्वयंपाकघरात मेई ओट्याला आपटून पडली. कपाळाला खोक. मी हातातलं टाकून धावले. ती मला ओलांडून, रांगत, रक्ताळलेल्या तोंडाने अण्णांच्या दिशेने निघाली. अण्णा उठले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते बाथरूममध्ये शिरले आणि आतून कडी लावली. मेई दारावर दोन्ही हातांनी थापा मारत किंचाळत होती.

"अण्णा! काय हे? लागलंय तिला!"

"तू घे तिला," आतून आवाज आला.

"ती येत नाहीये माझ्याकडे!"

"घे म्हणतोय ना मी!"

मी तिला उचललं. ती मला लाथा मारत होती, चावत होती. मी तशीच तिला घट्ट धरून जमिनीवर बसले. पुष्कळ वेळाने ती दमली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून हुंदके देत राहिली. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुधीर कामावरून आल्यावर ते म्हणाले, "माझं तिकीट काढ. मी असेपर्यंत ती हिच्याकडे यायची नाही."

सुधीरने खूप समजावलं. व्हिसा वाढवता आला असता. मीही म्हणाले, राहा, आणि म्हणताना मला ठाऊक होतं की त्यांनी जावं असं मला वाटत होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेवढ्या एकाच वेळी.

विमानतळावर ते मेईला घेऊन फरशीवर बसले. भोवतीने लोक सामानाच्या गाड्या ढकलत जात होते. ते तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "मेई, मी जातोय. परत येईन असं सांगत नाही. ही आई आहे, ही इथेच राहणार आहे." तिला काय कळलं असेल ते असो. त्यांनी तिला माझ्या हातात दिलं आणि आत गेले. मेई खैतानपर्यंत रडत होती. घरी आल्यावर माझ्या अंगावर झोपली, आणि झोपेत तिने माझ्या गाउनला मूठ आवळली होती.

पाच-सहा महिने गेले असतील. सकाळी गावाहून शेजाऱ्यांचा फोन आला. अण्णा ओटीवर पडलेले सापडले होते. आम्ही मिळेल त्या विमानाने मुंबई गाठली, तिथून गाडी करून गाव. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. वाट बघता येण्यासारखी नव्हती, गावातल्यांनीच अग्नी दिला. सुधीर स्मशानात जाऊन राखेपुढे उभा राहिला आणि परत आला. रडला नाही. आजही तो त्याविषयी बोलत नाही.

तेराव्याला एक म्हातारी बाई एसटीने एकटीच आली. कुणाच्या ओळखीची नव्हती. मागच्या पडवीत मी मेईला घेऊन बसले होते तिथे ती आली. "ही का ती चीनची?" तिने मेईच्या गालाला हात लावला. "मी इंदू. सदाशिवाची बहीण. पाठची."

सदाशिव म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी त्यांना पाणी दिलं, बसायला दिलं.

"कुवेतहून आल्यावर आले होते माझ्याकडे," इंदूताई म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा. दारात उभे राहून म्हणाले, मी चीनला जाऊन आलो, म्हणून म्हटलं इथेही यावं. मला हसूच आलं. मग दिवसभर बसले. आईचं बोलले. बाजाराला आपल्याला बघायला यायची, म्हणाले. तिचं हिरवं लुगडं, तिचं गोंदण, गालावरचा तीळ. खाजं दिलं ते. सगळं सांगितलं." पडवीत आणखी कुणी नाही ना, ते त्यांनी पाहिलं. "आई माझ्या जन्माच्या वेळेला गेली हो. त्यांना दिलं, त्याच वर्षी."

मला आधी अर्थच लागेना. "मग बाजारात कोण यायचं?"

"मला काय माहीत. असेल कुणी. कुणाचं पोर गेलेलं असेल, हे दिसायला तसे असतील."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? ते सांगत होते आणि मी ऐकत होते. आईचा फोटो नाही आमच्याकडे. ती कशी दिसायची हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. म्हटलं, अशी होती तर अशी." त्यांनी पदराने डोळे पुसले. "सांगायला हवं होतं का मी?"

"नाही," मी म्हणाले. काही विचार न करता म्हणाले.

मेई आता नऊ वर्षांची आहे. खैतानच्या शाळेत जाते, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. तिला सगळं माहीत आहे: ती कचेरी, ती सुजलेल्या हातांची बाई, बाजाराचं फाटक, टोपली. अण्णांनी सांगितलं होतं तसं आम्ही काही लपवलं नाही. अण्णा तिला आठवत नाहीत. मध्यंतरी एकदा शाळेचा अभ्यास करता करता तिने विचारलं, तिची पहिली आई कधी तिला बघायला आली असेल का. मी माहीत नाही म्हणाले. मग तिला अण्णांची गोष्ट सांगितली, त्यांनी सांगितली होती तेवढीच. आई बाजाराला यायची, लांब उभी राहून बघायची. इंदूताईंचं काही सांगितलं नाही.

मेई पेन्सिल चावत राहिली. मग इंग्रजीत म्हणाली, "पण मी तर इथे आहे. ती बाजाराला आली, तर बघणार कुणाला?"

मग वही पुढे ओढून ती पुन्हा गणितं करायला लागली.